धडधाकट पायाचं लंगडणं

ही गोष्ट माह्या बायकोले माहीत नाही. माय गेली, तिलेही माहीत नव्हती. अकरा वर्षं झाली राजेहो, एका जिवाले सांगतलं नाही — अन् ज्याले सगळ्यात पहिले सांगाले पाह्यजे होतं, त्याले तर बिलकुलच नाही. आज तुमच्यापाशी बोलून राह्यलो. काहून तुमच्यापाशी? तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून असंल. उद्या बाजारात भेटलो तरी तुम्ही मान फिरवणार नाही, हे मले पक्कं माहीत आहे. आता यालेही हिंमत म्हणाची काय?

पण एकदम तोंडातून निघत नाही. आधी जरा इकडचं तिकडचं सांगतो, मंग येतो त्याच्यावर. येतो म्हणजे येतोच.

मी प्रशांत. राजूरच्या कॉलनीत या नावानं कोणी हाक मारत नाही, पिंटूभाऊ म्हणतात. वडील खदानीच्या ऑफिसात बाबू होते, आता मीही तिथंच टेबलावर बसतो. सांजच्याले मैदानावर जातो, पोट्ट्याईले फुटबॉल शिकवतो. वणीकडच्या या खदानीच्या वस्त्याईत फुटबॉल लय जुना. मुलुखामुलुखातले लोकं कोळसा काढाले आले अन् संग बॉलही घेऊन आले, असं म्हातारे सांगतात. मैदान म्हणजे काय, निव्वळ काळी भुकटी. खेळून घरी आलं का माय दारातच अडवत जाये — आधी नळावर जा बे, मंग घरात पाय ठेव.

मी स्टॉपर होतो. गोलकीच्या पुढं, मधोमध उभा राहणारा. गोल मारणारा लोकाईच्या ध्यानात राहते. स्टॉपर ध्यानात राहत नाही, चुकला तरच राहते. आमच्या टीममंदी स्टॉपर तिघं — मी, शकील अन् प्रेमदास. जागा दोन. टूर्नामेंटमंदी आठ दिवसांत तीन तीन मॅच, पाय मोडून येत. म्हणून पाळी लावलती, खदानीत असते तशीच. दोघं उतरतील, तिसरा बसंल. आमचे कोच मल्लेशकाका. खदानीत पंप चालवत, तेलुगू माणूस, पण मराठी बोलले का आपल्याले लाजवतील. ते म्हणत, "पुढचे पोट्टे माझे, मागची भिंत तुझी." म्हणजे मागच्या लाइनचं सगळं माह्यावर. कोणाच्या घोट्याले सूज आहे, कोणाची पिंडरी आखडली, कोण लागोपाठ खेळला, कोणाले आता बसवाचं. सगळे मले मुकादम म्हणून चिडवत. ते काम मले जमत होतं, खोटं कायले सांगू? माणूस पायऱ्या कसा उतरते, तेवढ्यावरून मी सांगत जाओ का याचा गुडघा दुखून राह्यला. म्हणूनच म्हणतो — मले समजलं नव्हतं, असं म्हणाची मले सोय नाही.

काकाचा एक नियम होता. तो त्यायनं खदानीतून आणला होता. खाली उतराच्या आधी माणसानं आपलं आंग सांगाचं. चक्कर येते, पोट बरं नाही, हात उचलत नाही — जे असंल ते. अन् ज्यानं सांगतलं त्याच्यावर कोणी शंका घ्याची नाही, कोणी दात काढाचे नाही. काहून का खाली एकाचं आंग बरं नसलं तर जीव दुसऱ्याचा जाते. मॅचच्या आदल्या सांजेले आम्ही तसंच गोलपोस्टपाशी गोल करून बसत असू. काका एकेकाचं नाव घेत — आंग? ज्यानं त्यानं सांगाचं. बरं म्हणलं तर बरं, नाही म्हणलं तर नाही. दुसऱ्यांदा कोणी विचारत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या गोलात कोणी खोटं बोललं असंल, असं मले वाटत नाही. कायले बोलंल कोणी?

प्रेमदासचं सांगाचं राह्यलं. घाटंजीकडच्या तांड्यावरचा पोट्टा. मामा खदानीत, म्हणून मामाकडं राहून शिकला. मले भिया म्हणे — त्याहिच्या गोरबोलीत भाऊ. त्याची माय, तिले तो याडी म्हणत जाये, तिनं मले पहिल्यांदा पायलं अन् दोन भाकरी खाऊ घालून वरतून दोन फडक्यात बांधून देल्या. प्रेमदास माह्यापेक्षा चांगला स्टॉपर होता. हे मी त्यावेळेस कोणापाशी कबूल केलं नसतं. आता करतो, आता काय जाते माह्यं?

त्या साली एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती निघाली. वर्दीचं काम. निवड चाचणी नागपूरले. वयात बसाचा त्याचा शेवटचा डाव होता. त्याच्या तांड्यावरून अजून कोणी वर्दी घातली नव्हती. याडी तर आत्ताच लोकाईले सांगत सुटली होती का माहा पोट्टा लागला म्हणून. अन् तशातच क्वार्टर फायनलले त्याच्या डाव्या गुडघ्यात पाणी भरलं. मीच त्याले गाडीवर बसवून वणीले डॉक्टरपाशी नेलं. डॉक्टरनं गुडघा हलवून पायला, म्हणे आतली दोरी अर्धी गेली आहे, तीन आठवडे खेळ बंद, नाही तर पुरी तुटंल. चाचणी चोवीस दिवसांवर होती. म्हणजे जेमतेम बसत होतं. येता येता रस्त्यात गाडी थांबवून मी त्याले म्हणलं, "तू कायले भेतं? सेमीफायनल, फायनल मी अन् शकील काढतो. तू बसाचं. कोणाले सांगू नोको, बात फुटली तर नागपूरपर्यंत जाईल." त्यानं माह्या पाठीवर हात ठेवला फक्त. तर त्याच्या गुडघ्याचं माहीत असणारे तिघं — तो, डॉक्टर अन् मी. मल्लेशकाकालेही सांगतलं नाही. काकाले मी इतकंच म्हणलं का प्रेमदासची आता बसाची पाळी आहे. मुकादमाची गोष्ट त्यायनं ऐकली.

आता माह्या भेवाचं सांगतो.

सेमीफायनल चंद्रपूरकडच्या टीमसंग होती. त्याहिचा एक नऊ नंबर होता — उंच, सडपातळ, अन् पायात कमानी बसवल्यावानी. दोन महिने आधी साध्या मॅचमंदी त्यानं मले चार डाव फिरवलं. पाचव्या डावाले मी असा चितपट पडलो का पाठीखाली भुकटी उडाली, अन् काठावरून एक जण वरडला, "पिंटूभाऊ, खाट आणू काय?" सारं मैदान हसलं. आमचे पोट्टेही हसले. मीही हसलो वरतून, काय करता. पण ते हसू माह्या कानातून गेलं नाही. अन् त्याच उन्हाळ्यात माह्यं वणीले लग्न जमलं होतं, सेमीफायनलही वणीच्याच मैदानावर. सासरे, साळे, सगळे पाहाले येणार. जावई कसा खेळते म्हणून! मार लागाचं भेव नव्हतं राजेहो. पाय तुटाचं भेव नव्हतं. पुन्हा एकदा हसतील, याचं भेव होतं. इतकंच होतं ते. यापेक्षा मोठं कारण मी अकरा वर्षं शोधून राह्यलो, सापडलं नाही.

सांज झाली, गोल बसला. काकानं गोलकीपासून सुरुवात केली. शकीलले विचारलं, तो म्हणे बरं. मंग माह्यं नाव आलं.

माह्या पायाले काही झालं नव्हतं. मी म्हणलं, "काका, मांडीची मागची नस खेचली. पळणं जमत नाही."

तोंडातून निघून गेलं, असं समजू नका. दुपारी घरी कोणी नव्हतं, तेव्हा मी आरशापुढं लंगडून पायलं होतं. उजव्या पायानं लंगडावं का डाव्या, हेही ठरवलं होतं. उजवा ठरवला. आता याच्यावर काय बोलाल तुम्ही?

माह्यानंतर प्रेमदासचं नाव होतं. त्यानं माह्याकडं पायलं. त्या पाहण्यात शंका असती ना, तर आज मले बरं वाटलं असतं. शंका नव्हती हो. काळजी होती — माह्या पायाची! मी बसलो म्हणजे त्याले उतरावं लागते, हे त्याले कळत होतं. गुडघ्याचं खरं सांगाचा त्याले हक्क होता, नियमच होता तसा. पण मी नाही, तोही नाही, मंग मधात एकटा शकील काय करंल, असं त्याच्या मनात आलं असंल. त्यानं काकाकडं पायलं अन् म्हणला, "बरं आहे काका. एकदम बरं."

एका गोलात लागोपाठ दोन खोटं. एक भेवानं, अन् एक माह्या भरवशानं.

अन् मी? मले बोलता आलं असतं ना. राइट बॅकले मधात सरकवाचं अन् बाजूले दुसरा पोट्टा उभा कराचा, हे मीच पहिले दोन डाव केलतं. एक वाक्य लागत होतं — काका, प्रेमदासले बसवा. पण मंग काकानं विचारलं असतं, काहून? बात वाढली असती, दोघंही कसे काय दुखावले म्हणून काकानं जवळ बोलावून माह्या मांडीले हात लावला असता. काकाचा हात मोठा जाणता होता, खोटी नस त्यायले लगेच समजली असती. म्हणून मी खाली भुकटीत बोटानं रेघा ओढत बसलो. कुंपणानंच वावर खाल्लं म्हणतात, ते हेच.

यावरही थांबलं नाही. दिवेलागणीले प्रेमदास घरी आला. याडीनं देलेलं मोहाचं तेल घेऊन आलता. मले पालथं निजवलं अन् अर्धा घंटा माही मांडी चोळली. आपला सुजलेला गुडघा जमिनीवर टेकवून! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मधून मधून तो विचारे, "इथं दुखते काय?" अन् मी म्हणे, हं, तिथंच. जागा दाखवत होतो त्याले मी. माय दारातून पाहत होती, म्हणे असा दोस्त नशिबानं भेटते.

मॅच सांगत बसत नाही. इतकंच सांगतो का प्रेमदासनं त्या नऊ नंबरले हालू देलं नाही. त्याच्या आंगावर धावून गेला नाही, दोन पावलं मागं राहून नुसता त्याच्या पायाकडं पाहत राह्यला, अन् बॉल सुटला का काढून घे. मले हे काहून सुचलं नव्हतं? मी काठावर मांडीले पट्टी गुंडाळून बसलो होतो, शेजारी होणारे सासरे. ते म्हणे, "दुखापत असून टीमसंग येऊन बसले, याले म्हणतात खेळाडू." मी मान डोलवली.

दुसऱ्या हाफमंदी कॉर्नरवर प्रेमदास उडाला, डोक्यानं बॉल काढला अन् डाव्या पायावर आला. गुडघा आतल्या आंगाले वळला. तो वरडला नाही. बसल्यावानी खाली गेला अन् दोन्ही हातानं गुडघा धरला.

अन् मी पळालो. जे झालं तेच सांगतो — मी उठलो अन् सुसाट पळालो मैदानात. दहा-बारा पावलं पळालो असंल. मंग मले आठवलं. मधातच पाय आवरला, अन् उरलेलं अंतर मी लंगडत गेलो. माहा दोस्त तिथं भुकटीत पडलेला, अन् मले लंगडाचं आठवलं! कोणी पायलं काय? लोकं त्याच्याकडं पाहत होते. पण मल्लेशकाका मैदानाच्या काठावर उभे होते. त्यायनं मले कधी काही म्हणलं नाही. फक्त त्यानंतर मी तीन वर्षं खेळलो, अन् गोलात बसलं का काका सगळ्याईले आंग विचारत, माह्या नावापाशी आले का पुढं जात. आता काकाही गेले. त्यायले विचाराची हिंमत मले झाली नाही.

मॅच आम्ही एक गोलनं जिंकलो. फायनल हारलो. आज विचारा कॉलनीत, कोणाच्या ध्यानात नाही.

प्रेमदासचं नागपूरले ऑपरेशन झालं. चाचणीच्या दिवशी तो तांड्यावर बाजेवर पडून होता, अन् मी तिथं भेटाले गेलतो. याडी माह्यापुढं पाणी ठेवून म्हणे, "तुझा बी पाय दुखते ना बेटा, इतका दूर कायले आला?" पोराचं वय निघून गेलं होतं, अन् ती माह्या पायाचं विचारून राह्यलती. त्या दिवशी सांगाले पाह्यजे होतं. सांगतलं नाही. माह्या लग्नात प्रेमदास पंगतीत खुर्चीवर बसून जेवला, म्हाताऱ्याईच्या रांगेत. मांडी घालता येत नव्हती. सव्वीस वर्षांचा होता. मी नवरदेव, आग्रह करत फिरून राह्यलतो, त्याच्या पानात जिलबी वाढली अन् पुढं गेलो.

आता तो वणीले एका जिनिंगच्या गेटवर बसते. वर्दी आहे आंगावर, चौकीदाराची. भेटला का पहिले विचारते, "पाय कसा आहे भिया?" एकदाही चुकला नाही. म्हणून त्याच्या घराकडं वळाचा रस्ता आला का माहा पाय लंगडाले लागते. सवयच पडून गेली. एकदा गडबडीत चुकून डाव्या पायानं लंगडलो. तो म्हणे, "एका पायावर जोर देऊन देऊन दुसराही गेला ना बे तुहा? माह्यंही तसंच झालं." मी म्हणलं, हो ना. सांगा, काय म्हणाल अशा माणसाले? मी स्वतःले जे म्हणतो, ते सांगण्यासारखं नाही.

मागच्या रविवारी तो सकाळी मैदानावर आला. काकाचा गोल आता मी बसवतो. आमच्या एका बॅकनं घोट्याचं दुखणं लपवलं होतं, ते उघडं पडलं, अन् मी गप्प उभा होतो — मी कोणत्या तोंडानं बोलणार? प्रेमदासच बोलला त्याले. म्हणे, "अबे, आंगाचं खरं सांगत जा. मी खोटं बोललो, पाह्य हा माहा गुडघा. तुह्या पिंटूभाऊनं खरं सांगतलं होतं, भेला नाही कोणाले. त्याचा पाय वाचला." सगळे पोट्टे माह्याकडं पाहाले लागले. मान देऊन.

त्याच दुपारी मी निघालो. ठरवून निघालो. राजूरवरून वणीपर्यंत गाडीवर तेच वाक्य म्हणत गेलो — त्या दिवशी मी खोटं बोललो. दुसरं काही लावाचं नाही, मी तेव्हा लहान होतो का लग्न जमलं होतं, काही नाही. वाक्य पाठ झालं होतं. तरी वळणावर गाडी लावली अन् त्याच्या दारापर्यंत मी लंगडतच गेलो.

तो पडवीत बसला होता. डावा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला, गुडघा उन्हात. त्या घरात तसं एकच स्टूल आहे. मले पाहून त्यानं दोन्ही हातानं आपला पाय उचलला, खाली ठेवला — दात आवळून ठेवला — अन् स्टूल माह्या खुर्चीपुढं सरकवलं.

"बस भिया, पाय लांब कर पहिले. मंग बोलू."

मी खुर्चीवर बसलो. तो वाट पाहून राह्यलता. मी उजवा पाय उचलला अन् स्टुलावर ठेवला.